मावशी, घेऊ का ही?

रविवारी आमरसाची जेवणं उरकली, घरातले सगळे आडवे झाले, आणि भाच्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मावशी, घेऊ का ही?"

'ही' म्हणजे पत्त्यांची ट्रिक. पडद्यावर एक दाढीवाला तरुण कुठल्याशा परदेशी रस्त्यावर दोन मुलींना गाठतो. एकीला म्हणतो, मनात एक पत्ता धर. मग खिशातून कॅट काढतो, पसरतो. सगळे पत्ते सुलटे, मध्ये एकच उलटा, आणि तो नेमका तिच्या मनातला. मुलगी किंचाळते, दुसरी चार पावलं मागे पळते, संगीत धडाम. एक मिनिट चाळीस सेकंद. खाली किंमत, आपल्या पैशात २,८०० रुपये. वर टपालखर्च, आणि कस्टमने हात मारला तर तो वेगळा.

भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो आणि आठवड्यातून एकदा आमच्याकडे जेवायला येतो. पत्त्यांचं खूळ त्याच्या डोक्यात मी भरवलं असं माझी बहीण म्हणते. खरंच आहे ते. त्यामुळे "घेऊ का" या प्रश्नाला "तुझं तू बघ" असं उत्तर देऊन मला सुटता येत नव्हतं. मी म्हटलं, थांब, आधी मी बघते. आणि चष्मा आणायला उठले.

मंडईत कलिंगडवाला सुरीने त्रिकोणी खाप काढून दाखवतो. लाल निघालं तर घ्यायचं, नाहीतर तो दुसरं कापतो. लक्ष्मी रोडवर चाळीस साड्या उलगडायला लावून एकही न घेता जिना उतरता येतो. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर केलं. जादूच्या बाबतीत ही सोयच नाही. जे विकायचं तेच लपवायचं असतं. खाप काढून दाखवली की कलिंगड संपलं. आणि एकदा गुपित कळल्यावर परत करणार काय? डोक्यातून काढून कसं देणार? म्हणून विकणारे उघडलेला माल सहसा परत घेत नाहीत, आणि त्यात मला काही अन्यायही वाटत नाही. पण मग घेणाऱ्याने ठरवायचं कशावरून? बाहेरून थापट्या मारून, आवाजावरून. थापट्या कुठे मारायच्या एवढंच काय ते मला थोडंफार कळतं, आणि तेही पैसे घालवून कळलेलं.

ते पैसे कुठे गेले ते दाखवता येईल. कपाटात साड्यांच्या खाली बुटांचं एक खोकं आहे. त्यात सतरा ट्रिका आहेत. एका कोपऱ्यातलं भोक सरकत सरकत दुसऱ्या कोपऱ्यात जातं असा पत्ता आहे, फाडून पुन्हा सांधला जाणारा आहे, हळूहळू चेहरा पुसला जाणारा राजा आहे. सतरांपैकी मी माणसांसमोर करते त्या तीन. मी ऑफिसात तीनशे माणसांचे पगार काढते, पैशापैशाचा ताळा लावते. पण या खोक्याचा हिशेब बरीच वर्षं मांडला नव्हता. मागच्या दिवाळीत साफसफाईच्या वेळी मांडला आणि कागद फाडून टाकला.

त्यातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे चामड्याचं एक पाकीट. बघणाऱ्याने सही केलेला पत्ता कॅटमधून नाहीसा होतो आणि या पाकिटाच्या आत, चेन लावलेल्या कप्प्यात सापडतो. ट्रिक सुंदर आहे, आजही म्हणेन. पार्सल उघडलं, सूचना वाचायला घेतल्या, आणि पहिल्याच ओळीत होतं की पाकीट कोटाच्या आतल्या डाव्या खिशात ठेवावे. कोट! मी पंजाबी ड्रेस घालते, कधी साडी. माझ्या कपड्यांना बाहेरचे खिसे नाहीत तिथे आतले कुठून असणार? पैसे वसूल करायचेच म्हणून नवऱ्याचा लग्नातला ब्लेझर अंगावर चढवून एकदा बहिणीकडे ती करून दाखवली. मे महिना. पत्ता अगदी बरोबर निघाला. पण सगळ्यांचं लक्ष शेवटपर्यंत हिने कोट का घातलाय याकडे. बहिणीच्या सासऱ्यांनी तर हळूच विचारलं, "थंडीताप आहे का?"

तेव्हापासून माझी पहिली थापटी खिशावर. पत्त्यांची बरीचशी जादू पुरुषांनी पुरुषांच्या कपड्यांवर बेतलेली आहे, आणि ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की जाहिरातीत लिहायचं कुणाला सुचत नाही. दुसरी थापटी हातावर. जादूवाल्यांचे आवडते अमेरिकन पत्ते अडीच इंच रुंद असतात. आपल्याकडे रमीला वापरतात ते बरेचदा सव्वादोन. उंची दोघांची साडेतीनच. पाव इंचाने असं काय होतं? अख्खा पत्ता तळहातात लपवून बघा, मग कळतं. माझ्या हातात अडीच इंची पत्ता दोन्हीकडून डोकावतो, भाड्याच्या नऊवारीतल्या नवरीसारखा.

(शिंप्याकडून मग सगळ्या कुर्त्यांना उजवीकडे खोल खिसे लावून घेतले. तो म्हणाला, "मोबाईलला ना?" मी हो म्हटलं.)

माझी सगळ्यात पहिली खरेदी मात्र या खोक्यात नाही. ती चतुःशृंगीच्या जत्रेतली, मी पाचवीत असतानाची. नवरात्रातली संध्याकाळ, बाबांचं बोट धरलेलं, पाळण्यांचा करकराट, आणि कडेला लाकडी खोक्यावर फडकं टाकून उभा असलेला एक माणूस. त्याने माझ्यापुढे कॅट धरला. मी पत्ता काढला, बदामची सत्ती. परत आत घातला. त्याने फुंकर मारली आणि कॅट सर्रकन उलगडला, तर सगळ्या बदामच्या सत्त्या. आणखी एक फुंकर, आणि पुन्हा बावन्न वेगवेगळे पत्ते. मी बाबांचा हात इतका ओढला की पंधरा रुपये गेलेच.

बसमध्ये बसल्या बसल्या पुडक्यातली चिठ्ठी वाचली. वाचून रडू आलं. एवढंच? जे मी पाहिलं होतं त्याच्यामागे एवढंसंच होतं? बाबा म्हणाले, "पंधरा रुपये तर गेले. आता करून तरी दाखव." नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळी पोरं जमवली. मी पत्ता काढायला लावला, फुंकर मारली, कॅट उलगडला. दुसऱ्याच मिनिटाला चुलतभावाने कॅट हातातून हिसकावला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच माणसासमोर अर्धा तास उभी राहिले. या वेळी पत्त्यांकडे बघायचं नाही असं ठरवून. तेव्हा दिसलं की कॅट उलगडायच्या आधी प्रत्येक वेळी तो गर्दीतल्या कुणाला तरी काहीतरी सांगायचा. "ताई, जरा मागे सरका, पोराला दिसत नाही." "काका, पाकीट सांभाळा हो, मग माझ्या नावाने बोंब नको." ताई सरकायच्या, काका खिसा चाचपायचे, बाकीचे काकांकडे बघायचे. ते सगळं माझ्या पुडक्यातल्या चिठ्ठीत नव्हतं. पंधरा रुपयांत कॅट आला होता, तो माणूस नव्हता आला.

त्या "एवढंच?" बद्दल मला बरंच उशिरा एक गोष्ट लक्षात आली. आपण ट्रिक विकत घेतो ती फसलेल्या माणसाच्या मनाने. करायची असते ती फसवणाऱ्याने. ही दोन माणसं एकाच अंगात राहत असली तरी त्यांना हवं ते एक नसतं. फसलेल्याला वाटतं, आत काहीतरी भन्नाट यंत्र असणार. फसवणाऱ्याला आत शक्य तितकं कमी हवं असतं, कारण ऐन वेळी हात थरथरतात, समोर कुणीतरी खोकतं, दारावरची बेल वाजते. माझ्या खोक्यातल्या ज्या ट्रिकांचं गुपित वाचून मी "वा!" म्हटलं होतं त्या जवळजवळ सगळ्या खोक्यातच आहेत. ज्यांचं वाचून हिरमुसले होते, त्यांतल्या दोन मी अजून करते. आणि नुसतं कसं केलं ते कळावं म्हणून घेतलेल्या ट्रिका? त्या मी एकदाही केल्या नाहीत. तो कुतूहलावरचा काढा होता. घेतला, खाज गेली. म्हणून आता काही आवडलं की आठ दिवस थांबते. आठ दिवसांनी "कसं केलं असेल" एवढंच मनात उरलं असेल तर घेत नाही. "हे मी आत्याला असं असं करून दाखवेन" असं डोळ्यांसमोर यायला लागलं तर पुढचा विचार.

भाच्याला एवढा धीर नव्हता. "मावशी, त्यांची सूट उद्या संपतेय." सूट नेहमी उद्याच संपते. मी म्हटलं, आवाज बंद कर आणि पुन्हा लाव.

जाहिरातीचं हे चित्रण आवाज बंद करून बघणं हा माझा आवडता उद्योग आहे. संगीत गेलं, किंचाळ्या गेल्या की खाली काय उरतं ते दिसतं. आम्ही घड्याळ लावून बघितलं. शंभर सेकंदांपैकी पत्ते दिसतात ते अडतीस सेकंद. बाकी चेहरे, रस्ते, उंचावरून टिपलेलं शहर आणि शूज. जादूगाराचे शूज! शिवाय कॅमेरा हातांवरून कधी उठतो ते बघायचं. मुलगी पत्ता मनात धरते, मग तिचा चेहरा जवळून, मग एकदम कॅट बाहेर आलेला. मधलं काय झालं? कदाचित काहीच नाही. कदाचित त्याने तिला पाच प्रश्न विचारले.

आणि जाहिरातीची भाषा. पुण्यात घर शोधलेल्या माणसाला ती वाचायला वेगळं शिकावं लागत नाही. 'हिंजवडीपासून दहा मिनिटे' यात एक अक्षर खोटं नसतं, फक्त ते पहाटे चारला मोजलेलं असतं. ट्रिकांच्या जाहिरातीही तशाच, खोट्या कमी आणि अर्ध्या जास्त. 'पत्ते तपासायला देता येतात' असं म्हटलं की विचारायचं, कुठले? सगळे, की तो एकच? आधी, की नंतर? 'हातचलाखी लागत नाही', बरं, मग काय लागतं? बरेचदा पाठांतर लागतं, किंवा घरून तयारी करून न्यावी लागते आणि ती एकदाच चालते. 'कोणताही पत्ता' म्हणजे त्यांना कोणताही, की मला हवा तो कोणताही? 'लगेच पुन्हा करता येते' ही गोष्ट मोठ्या अक्षरांत असते. ती हॉटेलात या टेबलावरून त्या टेबलावर फिरून पोट भरणाऱ्या जादूगाराला लाखमोलाची. मला? मी एका बैठकीला एक ट्रिक करते, तीही चहा यायच्या आधी. त्या सोयीचे पैसे मी का भरू?

शिवाय बसण्याचा प्रश्न. परदेशी चित्रणात बघणारे समोर उभे असतात, शहाण्यासारखे. आमच्याकडे दोघं सोफ्यावर, तिघं खाली सतरंजीवर, आणि पोरं हमखास माझ्या पाठीमागे, सोफ्याच्या पाठीवर चढलेली. खालून बघणारा आणि मागून बघणारा अशा दोघांसमोर जी टिकत नाही ती ट्रिक आमच्या घरात टिकत नाही. स्टेजची गोष्ट वेगळी. पुण्यात जादू म्हटलं की माझ्या पिढीला रघुवीर आठवतात. रघुवीर, मग विजय रघुवीर, मग जितेंद्र रघुवीर, एकाच घरातल्या तीन पिढ्या. तिथे बघणारे सगळे एका बाजूला. पत्त्यांची जादू चार-पाच माणसांची, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांची. तिथे मागची बाजू नसतेच असं समजणारा फसतो.

बाकी सगळं पटलं तरी मी शेवटी एकच बघते. बघणारा रात्री घरी जेवताना काय सांगेल? एका वाक्यात. "पत्ता मध्ये घातला की वर यायचा, दर वेळी." एवढं सांगता आलं की झालं. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या पत्तेवाल्या जादूगाराने जगप्रसिद्ध जादूगार हुडिनीला अशाच जातीच्या ट्रिकेने फसवलं. कुठलीही ट्रिक तीनदा पाहिली की आपण ती ओळखतो अशी हुडिनीची बढाई होती. व्हर्ननने त्याला पत्त्यावर सही करायला लावली, पत्ता वरून दुसरा घातला, तो वर आला. पुन्हा. पुन्हा. हुडिनीला काही केल्या कळलं नाही, आणि 'हुडिनीला फसवणारा माणूस' ही ओळख व्हर्ननला आयुष्यभर पुरली. आता याउलट माझ्या खोक्यातली एक ट्रिक सांगते: तुम्ही दोन पत्ते निवडता, त्यांची बेरीज करता, तितके पत्ते मोजता, तिथे जो निघेल त्याच्या रंगाचा गठ्ठा उचलता, त्यात... जेवताना हे सांगायला लागलात तर आमटी गार होईल. घरचे विचारतील, मग? आणि तुम्ही म्हणाल, जाऊ दे, काहीतरी भारी होतं.

माझ्या सासूबाईंना एकदा मी पॉल करीची ट्रिक करून दाखवली. करी हा हौशी जादूगार, आणि त्याची ही १९४२ ची ट्रिक पत्तेवाल्यांच्या जगात देवघरात ठेवावी अशी मानतात. साधा कॅट लागतो, यंत्रबिंत्र काही नाही. बघणाऱ्याने पालथे पत्ते न बघता, नुसत्या मनाच्या कौलाने, लाल आणि काळे असे वेगळे करायचे. आईंनी पंधरा मिनिटं लावली. एकेक पत्ता बोटांनी चाचपून, डोळे मिटून, कधी "नाही, हा काळाच" म्हणून जागा बदलून. उलटून बघितलं तर सगळे बरोबर. आई ८१ वर्षांच्या आहेत आणि मेंढीकोटात आजवर कुणाला जुमानलेल्या नाहीत. पत्त्यांकडे बघत म्हणाल्या, "हे मी केलं ना? मग तू काय केलंस?" पुढच्या भिशीला त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं, मला न बघता रंग कळतात. एक वाक्य. माझं नाव त्यात कुठेच नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं.

मेंढीकोटावरून आठवलं. विकतच्या ट्रिकेबरोबर गोष्टही विकत येते, आणि ती बहुतेक वेळा जुगाराच्या अड्ड्यावर घडते. शेवटी पोकरमधला सगळ्यात मोठा डाव, रॉयल फ्लश, मांडून जादूगार दोन्ही हात पसरतो. आमच्याकडे रॉयल फ्लश म्हणजे काय ते समजावण्यात दोन मिनिटं जातात, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला जसं हसतात तसं लोक हसतात. चार एक्के हरवून एकत्र आणायची एक ट्रिक माझ्याकडे होती. साध्या पत्त्यांची. एका मे महिन्यात मी एक्के काढून चार दश्श्या घेतल्या. पहिली आली, दुसरी आली, तिसरी आली. चौथी मी टाकायच्या आधीच कोपऱ्यातून आत्या ओरडली, "अगं, मेंढीकोट!" मला एक शब्द बोलावा लागला नाही. त्या ट्रिकेत छापील एक्के आले असते तर मी त्या जुगाराच्या गोष्टीत कायमची अडकले असते. म्हणून खास छापलेले पत्ते म्हटलं की मी दहा वेळा विचार करते. ते बहुधा बायसिकलच्या पाठीचे असतात. १८८५ पासून चाललेला हा अमेरिकन छाप, पत्ते देखणे, हातात रेशमासारखे सरकतात. पण खास पत्ते त्या पाठीचे म्हणजे उरलेला कॅटही त्याच पाठीचा हवा, आणि तो आपल्या साध्या कॅटच्या कितीतरी पट. शिवाय जुलैत दमट हवेने वाकतात ते वेगळंच.

आणि फुकट काय काय पडलेलं आहे! १९०२ मध्ये शिकागोतून अर्डनेस अशा टोपणनावाने कुणीतरी पत्त्यांच्या हातचलाखीवर पुस्तक काढलं. लेखक नक्की कोण हे आजवर ठरलेलं नाही. पुस्तकाचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे कुणालाही वाचायला मोकळं. प्रस्तावनेत त्याने सरळ लिहून टाकलंय की पुस्तक खपलं तर हेतू साधेल, कारण लेखकाला पैशांची गरज आहे. या धंद्यात याहून सरळ जाहिरात मी वाचलेली नाही. गणितही फुकटच आहे. बावन्न पत्त्यांचे बरोबर दोन भाग करून एकाआड एक असे अचूक गुंफले, वरचा पत्ता वरच ठेवून, तर आठव्या वेळी कॅट पुन्हा मूळ क्रमात येतो. मला सलग तीनदा जमतं. चौथ्यांदा पत्ते जमिनीवर.

तर भाच्याची ट्रिक. मनातला पत्ता कॅटमध्ये एकटाच उलटा. जेवताना सांगायचं वाक्य तयार आहे: "मी मनात धरलेला पत्ता त्याने आधीच उलटा करून ठेवला होता." खिसा एक पुरतो, कोट नको. पोकर माहीत असायची गरज नाही. मागून पोरांनी बघितलं तरी चालतं. भाचा खूश झाला. पण मी म्हटलं, बाळा, ही गोष्ट नवी नाहीये. शिकागोच्या जो बर्गने १९३०च्या दशकात असाच एक कॅट काढला, पुढे कुणीतरी त्याला अदृश्य पत्त्यांची गोष्ट जोडली, आणि तो जगभर विकला गेला. आपल्याकडेही मिळतो, ३५० रुपयांना.

"पण यात ती पत्ता बोलतच नाही, मावशी. मनातच ठेवते. ते नवीन आहे ना?"

आवाज पुन्हा चालू केला. बावन्नाव्या सेकंदाला, किंचाळीच्या आधी, कॅमेरा जादूगाराच्या शूजवर असताना, ती मुलगी पत्त्याचं नाव घेते. हळू, पण घेते. आम्ही तीनदा ऐकलं.

मग जास्तीचे अडीच हजार कशाचे? जाहिरातीत होतं की या नव्या कॅटमध्ये पत्ते अमुक तऱ्हेने मोजावे लागत नाहीत. असेल. जादूगाराची एक अडचण सुटली असेल. पण ती अडचण बघणाऱ्याला कधी दिसलेलीच नव्हती. या बाजारात असे कितीतरी शोध लागत असतात, जादूगारांनी जादूगारांसाठी लावलेले. आपण त्याचे पैसे मोजतो आणि समोरच्या आत्याला दोन्हींत काडीचा फरक कळत नाही. उलट एक अडचण नव्यातही तशीच होती आणि तिच्याबद्दल जाहिरात गप्प होती: कॅट कुणाच्या हातात देता येत नाही.

३५० चा मागवला. त्याच पाठीचा साधा कॅट ६० रुपयांना वेगळा. पुढच्या रविवारी भाच्याने पुडकं उघडलं, सूचना वाचल्या, आणि तोंड एवढंसं करून म्हणाला, "एवढंच?" मला फार बरं वाटलं.

तीन आठवडे त्याने हॉस्टेलवर घासलं. जूनमधला रविवार, बाहेर पहिला नीट पाऊस, आत भजी. आई आरामखुर्चीत. भाचा समोर पाटावर बसला आणि त्याने रिकामा हात पुढे केला. "आजी, हा कॅट घ्या. दिसत नाही, पण आहे."

आईंनी हात पुढे केला, न दिसणारा कॅट घेतला, अंगठा जिभेला लावला आणि पिसायला लागल्या. चांगल्या तीन वेळा पिसल्या. एकदा थांबून खालचा पत्ता मांडीवरून उचलल्यासारखा केला. "पडला होता."

"आता एक पत्ता बघा, आणि उलटा करून आत घाला."

"घातला."

"कुठला?"

"चौकटची छक्की. ती कुणी धरत नाही."

भाच्याने खिशातून खरा कॅट काढला. हात थोडे थरथरत होते, पण त्याने घाई केली नाही, सावकाश पसरत गेला. पालथे, पालथे, पालथे. मध्ये एक उताणा. चौकटची छक्की.

माझ्या नवऱ्याने भजं हातात तसंच धरलं होतं. आईंनी छक्कीकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला. "आण इकडे तो कॅट."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. चाळीस वर्षांपूर्वीची आमची ओसरी मला लख्ख दिसली.

"आई, दूध!" मी ओरडले. "गॅसवर दूध उतू जातंय!"

दूध म्हटल्यावर त्या ज्या वेगाने उठतात त्या वेगाने मी आजही उठू शकत नाही. त्यांचा पदर स्वयंपाकघराच्या दारातून दिसेनासा होईपर्यंत मी कुर्त्याच्या उजव्या खिशातून साधा कॅट काढून भाच्याच्या हातात दिला होता आणि त्याचा माझ्या खिशात गेला होता. छक्की उलटी करून घालायलाही त्याला वेळ मिळाला.

आई परत आल्या, खुर्चीत बसल्या. कॅट घेतला आणि तेरा-तेराचे चार ढीग घालत सगळे पत्ते मोजले, मेंढीकोट वाटतात तसे. एकेक पत्ता उजेडाकडे धरून मागून-पुढून बघितला. मग गोळा करून कडा खुर्चीच्या हातावर ठोकून नीट केल्या आणि भाच्याला परत दिला.

"बावन्न आहेत. बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. भज्यांची ताटली जवळ ओढली आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "दूध मी सकाळीच फ्रिजमध्ये ठेवलंय."